मेजर तुफानचे गुडघे

बेंगळुरू, ३ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
साक्षीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन असताना हे पत्र कशाला, असं आई विचारेल. तर कारण कंपनीचं आहे, आणि त्याच कारणाने सोबत एक खोकं येतंय.

मी लहान असताना आजोबांनी भाऊच्या धक्क्यावरून आणलेला खेळण्यातला मेजर तुफान आठवतो का, असं तुला विचारणं म्हणजे चुलीला विस्तव आठवतो का असं विचारणं. त्याच्यापायी मी मुलींच्या भातुकलीत कधी बसले नाही, आणि तू त्याला अजून स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाच्या डब्याशेजारी पहाऱ्याला ठेवलायस. तोच मेजर आमची कंपनी नव्या रूपात पुन्हा काढतेय आणि त्याचं काम माझ्याकडे आलंय. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या खेळण्यांची चाकं आणि झाकणं करत होते. अख्खं खेळणं एकटीकडे येण्याची ही पहिली वेळ.

नमुना तयार आहे. तो पसंत पडला की पोलादाचा साचा कापायला टाकतात. साचा एकदा कापला की मेजरचं नाकसुद्धा बदलता येत नाही. म्हणून आमच्या मॅडमनी सांगितलंय, की ज्यांनी जुना मेजर हाताळलाय अशा माणसांकडे नमुना राहू द्या आणि त्यांचं मत लेखी मागवा. फोनवर नको, फोटो तर मुळीच नकोत. बाकीच्यांनी भावांची आणि मित्रांची नावं दिली. मी तुझं दिलं.

आजी म्हणून गोड बोलू नकोस. वाईट असेल तर वाईट म्हण. यात मी चुकले तर पुढचं काम साहिलकडे जाईल. साहिल म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा. माणूस वाईट नाही, पण आत्तापासूनच बाह्या सरसावून बसलाय.

लोभ तू न मागता वाढतेस. या खेपेस पानात थोडा राग वाढ.

तुझी
साक्षी

रेवस, १४ नोव्हेंबर

चि. साक्षीस,
नीराआजीचा अ. उ. आ.

सांगते मी, लिहिते तुझी आई. मी ‘हाय’ म्हणते तिथे ती ‘आहे’ लिहिते आणि माझ्या दोन शिव्यांची एक करते. मला वाचता येत न्हाय म्हणून तिचं फावतं. पण तिला बजावलंय, सुचिते, हे कंपनीचं काम आहे, यात सासूसून काढायची नाही.

खोकं पोस्टातला दादू घेऊन आला. कंपनीचं काय आलंय म्हणून विचारायला लागला. मी सांगितलं, साक्षीने लष्करातला माणूस पाठवलाय. झालं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या आळीला वाटलं की तुला फौजीचं स्थळ आलं. शेजारची नलू आणि तिची जाऊ तर चांगलं लुगडं नेसून बघायला आल्या. मी मेजरला टोपलीखालून काढून दाखवला. मुलगा गोरा आहे पण बुटका आहे, असं म्हणून चहा पिऊन गेल्या.

आता मत. पहिलं तोंड. जुन्याचा एक डोळा मांडव्याकडे आणि एक मुंबईकडे, त्यामुळे तो सगळीकडे लक्ष ठेवतोय असं वाटायचं. नव्याचे दोन्ही डोळे सरळ. देखणा आहे, न्हाय कशाला म्हणू. दाढी कोरलेली. लढाईत दाढी कोरायला वेळ कुठून मिळतो ते कंपनीला विचार.

मग मी मेल्याचं जाकीट काढून बघितलं. या वयात, पदर सावरून, कुणी बघत नाही ना ते बघून. पोट म्हणजे बेकरीतली लादी गो बाय! एकेक पाव सुटा करून घ्यावा आणि कांद्याबरोबर खावा. जुन्याचं पोट सपाट होतं, भात झोडणाऱ्या माणसासारखं. हा इतकं पोट राखतो, तर राखण कधी करतो?

मान फिरते. फारच फिरते, थेट नलूसारखी. बोटं उघडतात, बंदूक धरतो आणि सोडतो, हे चांगलं केलंस. जुन्याच्या मुठीत बंदूक टिकायची नाही म्हणून तू त्याला काडेपेटीतली काडी द्यायचीस आणि तो जन्मभर चूल पेटवायला निघाल्यासारखा दिसायचा. डोक्यावरची लोखंडी टोपी निघते, हे मात्र कोणाच्या सुपीक डोक्यातून आलं? दुपारी अंगणात ठेवली, ती कोंबडीने उचलली. मी तिच्यामागे पडवीपर्यंत धावले. धावले म्हणजे मला तसं वाटलं. तुझी आई म्हणते मी जागच्या जागी हातवारे करत होते. टोपी कोंबडीच्या पोटात आहे आणि तिने अजून परत केलेली नाही.

जुन्याच्या कमरेत रबराची कडी होती. ती तुटली की एका मेजरचे दोन व्हायचे आणि तू दोन तुकडे दोन हातात घेऊन रडत यायचीस. मग मी पाठीचा स्क्रू काढून तुझ्या वेणीचं रबर ओवायचे. त्याच्या पोटात अजून तुझ्या वेणीचंच रबर आहे. नव्याला ती भानगड नाही. कोपर, मनगट, गुडघा, घोटा, माझ्याकडे जेवढे सांधे आहेत तेवढे सगळे त्याच्याकडे आहेत. फरक इतकाच की त्याचे चालतात, असं मी पहिल्या दिवशी म्हणाले.

आता वाईट सांगते. तुझा मेजर उभा राहत नाही. आला तेव्हा कसा ताठ होता! मी त्याला फळीवर जुन्याच्या शेजारी ठेवला. थोडे दिवस गेले आणि तो चहाच्या डब्याला टेकायला लागला. आम्ही म्हटलं, ड्यूटी संपली असेल. मग बसायला लागला. मग एका सकाळी साखरेत तोंड खुपसून पडलेला. आता उभा केला की गुडघे मोडतात आणि तो नमस्कार घालतो. माझ्या पाया पडतो, तुझ्या आईच्या पडतो, मांजराच्याही पडतो. असा माणूस निवडणुकीला चालेल, लढाईला न्हाय.

माझेही गुडघे तसेच आहेत, पण मी निदान पाया पडून घ्यायच्या वयाची आहे.

तर मत असं: देखणा, सुस्वभावी, पायात दम नाही. खाली माझा अंगठा आहे. शाई नव्हती, तव्याची काजळी लावलीय.

या पत्रानंतरही माझ्यावर माया उरली, तर ती खरी समजेन.

नीराआजी

बेंगळुरू, २३ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग खरोखरच घालते आहे, मेजरच्या शेजारी.

तुझं पत्र बसमध्ये उघडलं. लादीपाव वाचून इतकी हसले की शेजारच्या बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग गुडघ्यांपाशी आले आणि हसू गेलं. कारण इथले नमुने महिनाभर टेबलावर ताठ उभे आहेत. एकही डगमगलेला नाही. मग तुझ्याकडचाच का पडतो? तिथे असं काय आहे जे इथे नाही?

समुद्र! तिथली खारी, दमट हवा. त्या हवेने कपाटाची दारं फुगतात आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, मग मेजरचे सांधे सैल पडले तर नवल काय? मी दोन दिवस बसून त्यावर टिपण लिहिलं आणि मीटिंगमध्ये तुझं पत्र वाचून दाखवलं. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. कोंबडीला तर हातवारेच करावे लागले. सगळे हसले. हसणं थांबल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, साचा थांबवा. मुंबईला समुद्र आहे, गोव्याला आहे, चेन्नईला आहे. अर्ध्या देशात आपला मेजर लोटांगण घालत फिरेल.

आजी, इतक्या मोठ्या आवाजात मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. साचा थांबला. साचेवाले चिडले, त्यांनी यंत्र आपल्यासाठी मोकळं ठेवलं होतं. साहिल हळूच म्हणाला, की एक आजी म्हणजे चाचणी नव्हे. मी त्याला सांगितलं, माझी आजी गुडघ्यांच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

आता दुसरा मेजर पाठवते. पहिल्याला जसं वागवलंस अगदी तसंच याला वागव. काही कमी नाही, काही जास्त नाही. हेच फोनवर सांगणार होते, पण तू जेवलीस का एवढं विचारलंस आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवलास.

जेवले. तुझा विश्वास आहे तसाच माझ्या पानात राहू दे.

साक्षी

रेवस, ३ डिसेंबर

चि. साक्षीस,
अ. उ. आ.

फोनचं मनावर घेऊ नकोस. त्यात मला निम्मं ऐकू येतं आणि त्यातलं निम्मं दुसऱ्या कुणाचं तरी असतं. तू जेवलीस एवढं कळलं की माझं काम झालं.

दुसरं खोकं पोहोचलं. दादू म्हणाला, पहिल्याला नकार दिलात वाटतं? मी म्हटलं, पहिला फार पाया पडत होता.

तू सांगितल्याप्रमाणे पहिल्याचं जे जे केलं ते ते याचंही केलं. हयगय केली नाही. उलट कंपनीचं काम म्हणून जरा जास्तच मन लावून केलं. आणि काय सांगू, हा पहिल्याच्याही आधी गेला! आता दोघे सुपात शेजारी शेजारी पडलेत, बाळंतिणीच्या जुळ्यांसारखे. वरून जुना एका डोळ्याने त्यांच्याकडे बघतो आणि दुसऱ्याने माझ्याकडे.

तुझं पत्र आईने दोनदा वाचून दाखवलं. नंतर मी नलूलाही बोलावून तिसऱ्यांदा वाचायला लावलं. रेवसच्या चुलीजवळ बसून मी बेंगळुरातलं यंत्र थांबवलं, म्हणजे बघ! तेव्हापासून माझी चाल बदललीय. मी पाटावर बसत नाही, खुर्ची मागते. काल भात कांडून आणायला गेले तर गिरणीवाल्याला सांगितलं, तुझं यंत्र नीट चालव, न्हायतर तेही थांबवीन. तो मला ओळखतो, म्हणून नुसता हसला.

(आजी खरंच खुर्ची मागतात. आमच्याकडे ती एकच आहे. – आई)

वालाची पेरणी झाली. हवा गार पडलीय. मत पहिलंच, अंगठाही पहिलाच, काजळी मात्र ताजी.

मोठ्या पदावर गेले तरी तुला विसरणार नाही, तू पण विसरू नकोस.

नीराआजी

बेंगळुरू, १३ डिसेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र थोडं घाबरून लिहितेय.

आमच्याकडे एक पेटी आहे. तिच्यात हवी तशी हवा करता येते. खारी, दमट, पावसाळ्यातल्या रेवससारखी. तिच्यात चार मेजर ठेवले. आठवड्याने दार उघडलं तर चौघेही ताठ. एकाच्या बंदुकीला घाम आला होता, बाकी काही नाही. म्हणजे समुद्राने काही केलेलं नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, मग काय झालं? मी वेळ मागून घेतला. वर्ष बदललं की पहिल्या सोमवारी मीटिंग आहे, तेव्हा मी उत्तर द्यायचं आहे. तोपर्यंत साचेवाले थांबतील, मग ते यंत्र दुसऱ्या कामाला लावतील आणि मेजर पुढच्या वर्षावर जाईल. तो पुढच्या वर्षावर गेला तर माझ्याकडे राहणार नाही, हे कुणी बोललं नाही पण सगळ्यांना माहीत आहे.

दोन मेजर तुझ्याकडे पडले, यात खोटं नाही. तू सांगतेस ते खरंच आहे. पण ते का खरं आहे ते मला सांगता येत नाहीये. आईला फोनवर विचारलं, ती म्हणाली काही केलं नाही, नुसते फळीवर होते. म्हणून तुझ्याकडूनच हवंय. खोकं उघडल्यापासून तू त्या दोघांचं काय काय केलंस, ते सगळं सांग. कितीही फालतू वाटलं तरी. कोंबडीसकट.

माझ्यासाठी एवढा वेळ बस. पाटावर किंवा खुर्चीवर.

साक्षी

रेवस, २० डिसेंबर

चि. साक्षीस,
अ. उ. आ.

घाबरू नकोस गो. आठवतं तसं सगळं सांगते, तुझी आई लिहील.

खोकं उघडलं. आत इतका कागद की मला वाटलं कागदच पाठवलास. मेजरला काढला, फुंकर मारली, पदराने तोंड पुसलं. मग मीठ-मोहरी घेऊन त्याची दृष्ट काढली. नवीन पोर इतक्या लांबून आलं, वाटेत कुणाकुणाची नजर लागली असेल. हसू नकोस, तुझी पण काढायचे. मग त्याचे हातपाय हलवून बघितले. तर प्रत्येक सांध्यात कट कट, कट कट. मला नीट ऐकू येत न्हाय पण बोटांना कळतं. गुडघे तर फारच वाजत होते. एवढ्या तरुण मुलाचे गुडघे असे वाजावेत, मला वाईट वाटलं. जुन्याचे कधी वाजले नाहीत.

संध्याकाळी दिवा लावला की मी माझे गुडघे चोळायला बसते ते तुला ठाऊक आहे. खोबरेलात कापूर टाकून कोमट करते. बोटांना तेल होतंच, त्याच्याही गुडघ्यांना लावलं. मग घोटे, कोपर, मान. नवीन मूल घरात आलं की सांधे चोळायचे, न्हायतर जखडतात. तुझे कोण चोळत होतं? मीच. आणि एक दिवस लावून काही होत नाही, म्हणून रोज लावत गेले. आधी माझे, मग त्याचे. हळूहळू कटकट थांबली. गुडघे असे लोण्यासारखे झाले की मलाच बरं वाटलं. म्हटलं, आपल्या हाताला अजून गुण आहे. दुसरा आला, तर तू बजावलं होतंस की तसंच वागव, म्हणून त्यालाही

(साक्षी, इथे मी पेन खाली ठेवलं. तुला कळलं ना? मला आत्ता कळलं. रोज संध्याकाळी या माझ्यासमोर बसून हे करत होत्या आणि मी शेजारी तांदूळ निवडत होते. तू विचारलंस तेव्हा मी काही केलं नाही असं सांगितलं, कारण या घरात तेल लावणं म्हणजे काही करणं नव्हे. – आई)

तुझी आई कपाळाला हात लावून बसली. मी विचारलं काय झालं, भोवळ आली का. मग तिने समजावून सांगितलं, की त्या कटकटीवरच तो उभा होता. सांधा जिथल्या तिथे अडकून राहावा म्हणून ती मुद्दाम घातलेली होती, आणि माझ्या तेलाने सगळं घसरायला लागलं.

मी उठून सुपातल्या दोघांची माफी मागितली. असं क्वचित होतं, तुझ्या आईने दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. म्हणजे पायात दम नव्हता तो मेजरच्या नव्हे. मी त्याला रोज दारू पाजली आणि वर अंगठा देऊन लिहून दिलं की पोरगा पितो. आणि खुर्ची काय मागत होते, गिरणीवाल्याला काय दम देत होते! आज पाटावर बसलेय. खुर्चीवर मांजर बसलंय, ते माझ्यापेक्षा शोभतं.

पण तुझं काय गो बाय? तू माझ्या शब्दावर उभी राहिलीस आणि मी तुझ्याच गुडघ्यांना तेल लावून ठेवलं. सोमवारी मॅडमना सांग, म्हातारी खुळी आहे. मी तसं लिहून देते, दोन्ही अंगठ्यांनी. हवं तर येते. रेवसवरून लाँच आहे, पुढचं मला कुणीतरी दाखवील.

एवढंच कर, खोटं सांगू नकोस. प्लॅस्टिक वाईट होतं म्हणू नकोस, समुद्राचं तर नावच घेऊ नकोस. आम्हाला त्याच्या शेजारी राहायचंय.

रागावलीस तर राग कळव. मुकी राहू नकोस, तेवढी माया कर.

नीराआजी

बेंगळुरू, ७ जानेवारी २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे सांगते, की रागावले होते. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि तू मेजरची दृष्ट काढलीस तिथे आले, तिथून पुढे राग टिकवता आला नाही.

सोमवारी मीटिंगला जाताना पळवाट मनात होती. ते दोन नमुने सदोष निघाले म्हटलं असतं तर विषय मिटला असता, साहिलनेही मान हलवली असती. पण मॅडमनी विचारलं आणि तोंडातून सरळच निघालं, की माझ्या आजीने त्यांना रोज तेलाने चोळलं.

मॅडमनी विचारलं, कोणतं तेल? मी म्हटलं, खोबरेल, कापूर घालून, कोमट. त्यांनी कँटीनमधून तेल मागवलं. कापूर मिळाला नाही. मग आमच्या मॅडम, ज्यांच्यासमोर लोक उभे राहून बोलतात, त्या बाह्या वर करून, वाटीभर तेल ओतून मेजरचे गुडघे चोळायला बसल्या. चहा येईपर्यंत मेजर त्यांच्या पायाशी होता. मग जे हसू फुटलं ते आवरेना. साहिल सगळ्यात जास्त हसला, आणि डोळे पुसत म्हणाला की त्याची कोचीची आजीही हेच करील, फक्त तिच्या तेलात मिरी असतील.

निकाल असा: गुडघा बरोबर आहे, साचा कापायला गेला. मेजर माझ्याकडेच आहे. पण मी न तपासता काम थांबवलं, म्हणून यापुढे माझ्या प्रत्येक चाचणीवर साहिलची सही लागेल. खुपतंय. रास्त आहे, तरी खुपतंय.

आणि खोक्यावर सूचना छापायची ठरली, सांध्यांना तेल लावू नये. इंग्रजीत, हिंदीत, आणखी कशाकशात लिहायची यावर बराच वेळ गेला. शेवटी मी म्हटलं, जी तेल लावणार आहे ती खोकं वाचणार नाही. मॅडमनी भाषांची यादी बाजूला ठेवली. मग मी बसून ती सूचना दुसऱ्या तऱ्हेने केली. तिचा पहिला छापील तुकडा सोबत आहे.

आई, तो आजीच्या हातात दे आणि एक अक्षर बोलू नकोस.

आजी, ते दोघे मेजर साबणाच्या पाण्याने धुऊन बघ. उठले तर उठले.

माझा राग गेला, बाकीचं सगळं तुझ्यापाशी आहे तिथेच ठेव.

साक्षी

रेवस, १६ जानेवारी

चि. साक्षीस,
अ. उ. आ.

दोघांना आधी साबणाने धुतलं, मग रिठ्याने. एक उठला. दुसरा बसतो तेवढा. काल वाडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती, तेव्हा त्यालाही नेला. मडकं शिजेपर्यंत जाळाजवळ एकाने बसायचंच असतं, बाकीच्यांना झोप येते. त्याला आली न्हाय.

साहिलच्या सहीचं वाचून मला लागलं. ती माझ्यामुळे आहे. त्याला सांग, एक आजी म्हणजे चाचणी न्हाय हे त्याचं खरंच, पण कोचीच्या आजीला माझा नमस्कार, आणि मिरी किती घालते ते कळव.

आता तुझा तुकडा. आईने तो माझ्या हातात दिला आणि तोंडाला कुलूप लावून समोर बसली. मी उलटा धरला, सुलटा धरला. उजेडात गेले. एक हात आहे. म्हाताऱ्या बाईचा, शिरा वर आलेल्या. करंगळी वाकडी. भात कापताना माझी विळ्याने कापली होती आणि वाकडीच बसली, ती अशीच. मग मनगटात दोन काचेच्या बांगड्या आणि त्यांच्यामध्ये एक पाटली, तीही अशीच. मी तुकडा बाजूला ठेवला आणि माझा हात त्याच्याशेजारी ठेवला. पुन्हा बघितला. हातात बाटली, बाटलीतून थेंब, खाली एक वाकलेला गुडघा. आणि सगळ्यावर ही मोठी लाल फुली.

वाचलं गो बाय! कुणाला विचारलं न्हाय. तुझ्या आईकडे बघितलंसुद्धा न्हाय. ती रडत होती का हसत होती ते तिचं तिला ठाऊक, लिहिताना विचारलं तर सांगत नाही. मतपेटीवर, बसवर, औषधाच्या पुडीवर, जन्मभर सगळीकडे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत आले. आज छापलेलं काहीतरी पहिल्यांदा माझं मी वाचलं. आणि त्यात लिहिलंय काय? की म्हातारे, हात लावू नकोस!

नलूला बोलावून दाखवला. तिला शाळेत चौथी झालीय, तरी तिला वाटलं पोलिओच्या डोसाची जाहिरात आहे. मी तिला वाचून दाखवलं.

फुली मेजरसाठी आहे हे मला कळलंय. माझ्या गुडघ्यांसाठी न्हाय हेही कळलंय. दिवा लागलाय, तेल कोमट झालंय, म्हणून आता थांबते. माझ्यावर तुझी माया अशीच चिकट राहू दे, आणि या कागदावर कुठे डाग दिसला तर कंपनीत दाखवू नकोस.

तुझी
नीराआजी